मोबाइलला कामाला लावा, पण जपून

महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक मशिदीच्या दारावर आता एक सूचना असते : ‘मोबाइल बंद ठेवा.’ इकामतीच्या आधी इमामसाहेब तीच गोष्ट तोंडी सांगतात. तरीही दुसऱ्या रकातीत कुणाच्या तरी खिशातून रिंगटोन सुरू होतेच. ज्याचा फोन वाजतो तो बिचारा शरमेने अर्धा होतो आणि आजूबाजूच्यांचेही लक्ष उडते. याची चर्चा पुष्कळ होते. पण याच्या उलट जे घडते त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. नमाज झाली, फोन गप्पच राहिला, माणूस तसाच दुकानावर गेला आणि संध्याकाळी पाहतो तो घरून अकरा मिस्ड कॉल. कधी अम्मीची शुगर अचानक उतरलेली असते, कधी आजारी पडलेल्या मुलाला शाळेतून घेऊन जाण्याचा निरोप असतो.

दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. बटण दाबायचे लक्षात ठेवण्याचे काम आपण माणसावर टाकले आहे. पाच नमाजांसाठी पाच वेळा आवाज बंद करायचा आणि पाच वेळा चालू करायचा, म्हणजे दिवसाला दहा वेळा, वर्षाला ३६५० वेळा. इतक्या वेळांत एकदाही विसर पडणार नाही, असा माणूस विरळाच. फोन मात्र असे काम न कंटाळता, न चुकता करू शकतो. ते त्याला सांगायचे कसे, आणि कोणते काम सांगू नये, याची माहिती या लेखात घेऊ.

‘असे झाले की तसे कर’

फोनला आपोआप काम करायला लावणाऱ्या ॲपना ऑटोमेशन ॲप म्हणतात. अँड्रॉइड फोनवर ‘मॅक्रोड्रॉइड’ आणि ‘टास्कर’ ही दोन नावे जास्त वापरात आहेत. टास्कर ताकदवान आहे, पण विकत घ्यावे लागते आणि शिकायला वेळ लागतो. मॅक्रोड्रॉइड सोपे आहे; त्याच्या मोफत आवृत्तीत जाहिराती असतात आणि पाच नियम बसवता येतात. घरगुती गरजेला तेवढे सहसा पुरतात. आयफोनमध्ये ‘शॉर्टकट्स’ हे ॲप २०१८ पासून कंपनीकडूनच मिळते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ‘मोड्स अँड रूटीन्स’ नावाची सोय सेटिंगमध्येच असते. त्यांना वेगळे ॲप घेण्याची गरज नाही.

नाव कोणतेही असो, रचना सारखीच. प्रत्येक नियमाचे तीन भाग असतात. पहिला ‘ट्रिगर’, म्हणजे नियम कधी जागा व्हावा. दुसरा ‘ॲक्शन’, म्हणजे फोनने काय करावे. तिसरा ‘कन्स्ट्रेंट’, म्हणजे अट. आपण घरात मुलाला सांगतो ना, ‘दूध उतू जायला लागले की गॅस बंद कर, पण अम्मी ओट्याशी असेल तर राहू दे’, यात तिन्ही भाग आले. मॅक्रोड्रॉइडमध्ये हे भाग लाल, निळ्या आणि हिरव्या अशा तीन रंगांच्या चौकटीत दिसतात, त्यामुळे इंग्रजी कमी येणाऱ्यालाही लवकर समजते.

अशा यंत्रांचे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी आपोआप चालणाऱ्या युक्तियंत्रांवर ग्रंथ लिहिला. १२०६ मध्ये अल-जझरी यांनी दियारबकरच्या दरबारात आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. त्यात हात धुण्यासाठी पाणी देणारे, मग साबण आणि रुमाल घेऊन बाहुल्या पुढे आणणारे यंत्र आहे. ज्या ‘अल्गोरिदम’ शब्दावर आजचे सारे संगणक चालतात, तो अल-ख्वारिझमी यांच्या नावावरूनच आलेला आहे. ‘एक गोष्ट घडली की दुसरी आपोआप घडावी’ हा विचार आपल्या पूर्वजांच्या ओळखीचा होता.

पहिला नियम : जुम्मा

सुरुवात जुम्म्यापासून करावी, कारण त्याचा वार आणि वेळ ठरलेली असते. समजा आपल्या मशिदीत खुतबा १.१५ वाजता सुरू होतो आणि २ वाजेपर्यंत सगळे आटोपते. ट्रिगर : दर शुक्रवारी १.०५. ॲक्शन : फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाकणे. बस, नियम झाला. खरे तर एवढ्यासाठी ॲपचीही गरज नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’चे वेळापत्रक असते, तिथे वार आणि वेळ भरली की काम होते.

मात्र काही बारकावे लक्षात ठेवावे लागतात.

एक, फोन सायलेंट केला तरी अलार्म वाजतो. म्हणून त्या वेळेत औषधाचा किंवा आणखी कशाचा अलार्म लावू नये.

दोन, सायलेंट केल्याने फक्त रिंगटोन बंद होते. खिशात चुकून बोट लागून व्हिडिओ सुरू झाला तर त्याचा आवाज येतोच. म्हणून नियमात ‘मीडिया’चा आवाज शून्य करण्याची ॲक्शनही घालावी.

तीन, आवाज परत चालू करण्याचा वेगळा नियम करावा. ‘पन्नास मिनिटे थांब, मग चालू कर’ असे एकाच नियमात सांगता येते, पण मध्येच फोन बंद पडून पुन्हा सुरू झाला तर ते थांबणे तिथेच संपते आणि फोन दिवसभर मुका राहतो. २.०५ ला जागा होणारा स्वतंत्र नियम जास्त भरवशाचा.

चार, अडीअडचणीसाठी वाट मोकळी ठेवावी. अँड्रॉइडच्या ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये निवडक माणसांचे फोन येऊ देण्याची सोय आहे. त्याशिवाय पंधरा मिनिटांत त्याच माणसाने दुसऱ्यांदा फोन केला तर तो येऊ द्यावा, अशीही सोय आहे. घरात सांगून ठेवावे की खरोखर तातडी असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा. त्याच वेळी रिंगर ‘व्हायब्रेट’वर ठेवावा, म्हणजे तो फोनही मशिदीत वाजणार नाही, फक्त थरथरेल.

रोजच्या नमाजा : वेळ कुणाची मानायची?

रोजच्या पाच नमाजांचे गणित थोडे वेगळे आहे, कारण सूर्य रोज वेळ बदलतो. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त साधारण ६ वाजता होतो, तर जुलैच्या सुरुवातीला साधारण ७.२० वाजता. म्हणजे मगरिबची वेळ वर्षभरात ८० मिनिटे सरकते. शिवाय गाव बदलले की वेळ बदलते. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून अधिक आहे आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तिथला सूर्य सुमारे पंचवीस मिनिटे आधी मध्यान्ही येतो. मुंबईची वेळ भरून ठेवलेला फोन घेऊन नागपूरला लग्नाला गेलात, तर तो तुम्हाला चुकीचीच वेळ सांगणार.

नमाजच्या वेळा दाखवणारी ॲप हा हिशेब करतात, पण त्यांच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी एकदा तपासाव्यात. पहिली, असरची वेळ. हनफी पद्धतीत ती वस्तूची सावली दुप्पट झाल्यावर सुरू होते, तर शाफई पद्धतीत सावली एकपट झाल्यावर (दोन्हीकडे भर दुपारची मूळ सावली वगळून). आपल्याकडे कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफई आणि उरलेल्या महाराष्ट्रात बहुतांशी हनफी, त्यामुळे एकाच इमारतीतील दोन घरांच्या ॲपमध्ये वेगळी वेळ दिसू शकते आणि दोन्ही बरोबर असतात. दुसरी गोष्ट, फजर आणि इशासाठी सूर्य क्षितिजाखाली किती अंश मानायचा. आपल्या भागात १८ अंशांची ‘कराची’ पद्धत पुष्कळ वापरली जाते.

हे सगळे जुळवले तरी एक गोष्ट ॲपला ठाऊक नसते : आपल्या मशिदीत जमात किती वाजता उभी राहते. ती वेळ मशिदीतल्या फळ्यावरच्या घड्याळांत असते आणि कमिटी ती अधूनमधून बदलते. पूर्वी मोठ्या मशिदींत वेळ पाहण्यासाठी ‘मुवक्कित’ नेमलेला असे. दमिश्कच्या उमय्या मशिदीचे मुवक्कित इब्न अल-शातिर हे मोठे खगोलशास्त्रज्ञ होते; त्यांनी १३७१ मध्ये त्या मशिदीच्या मिनारासाठी छायाघड्याळ बनवले. आजही वेळेच्या बाबतीत अखेरचा शब्द आपल्या मशिदीचाच मानावा आणि फोनचा नियम त्या फळ्यावरून बसवावा.

वेळ सतत बदलत असेल तर नियम जागेवर बांधता येतो : ‘मशिदीच्या आवारात शिरलो की आवाज बंद, बाहेर पडलो की चालू.’ याला लोकेशनची परवानगी द्यावी लागते आणि बॅटरी थोडी जास्त लागते. इमारतीच्या आत फोनला जागेचा अंदाज काही मीटर चुकतो, म्हणून नकाशावरचे वर्तुळ शंभर-दीडशे मीटरचे ठेवावे. ज्यांचे घर किंवा दुकान मशिदीला लागूनच आहे त्यांनी मात्र हा नियम करू नये. त्यांचा फोन दिवसभर गप्प बसेल. त्यांच्यासाठी ठरावीक वेळेचाच नियम बरा.

रमजानमध्ये हीच काळजी सहरीबाबत घ्यावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या रमजानमध्ये सहरी संपण्याची वेळ महिनाभरात वीसेक मिनिटे अलीकडे येते. पहिल्या रोजाला लावलेला अलार्म शेवटच्या दहा दिवसांत तसाच राहिला तर रोजाच धोक्यात येईल. मशिदीचे छापील वेळापत्रक पाहून दर आठवड्याला अलार्म दुरुस्त करावा.

घरातली आठवण ठेवणारी

आता घराकडे येऊ. विजेचे बिल, गॅसची नोंदणी, अब्बांच्या रक्तदाबाची गोळी, धाकट्याची फी, दादीच्या डोळ्यांचे थेंब, सगळ्यांच्या मोबाइलचे रिचार्ज. हे सारे बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या डोक्यात असते आणि ती व्यक्ती म्हणजे घरातली बाई. हे काम कुणाला दिसत नाही. विसरले तरच दिसते. ऑटोमेशनचा सर्वांत मोठा उपयोग तिच्या डोक्यावरचे हे ओझे उतरवण्यासाठी व्हायला हवा.

औषधाचा नियम बसवताना नुसती घंटी पुरत नाही. वृद्ध माणसे घंटी बंद करतात आणि गोळी राहून जाते. अशा वेळी फोनला बोलायला लावावे. अँड्रॉइडमध्ये गूगलचा मराठी आणि उर्दू दोन्ही आवाज मिळतो. ‘अब्बा, शुगर की गोली खाने से पहले’ असे आपल्या बोलीत लिहून ठेवले तर ठरलेल्या वेळी फोन ते मोठ्याने बोलतो. ज्यांना फक्त उर्दू वाचता येते आणि ज्यांची नजर अधू झाली आहे, अशा दादा-नानांना याचा फार आधार वाटतो.

दुसरा उपयोगी नियम बॅटरीचा. अम्मी-अब्बा गावी एकटे असतील तर त्यांच्या फोनची बॅटरी १५ टक्क्यांवर आली की मुलाला किंवा मुलीला आपोआप एसएमएस जावा, असे करता येते. फोन लागत नाही म्हणून जीव टांगणीला लागण्याऐवजी शेजारच्या खालाला ‘जरा अब्बांचा फोन चार्जिंगला लावा’ एवढे सांगता येते.

बिलांसाठी २०२० पासून यूपीआय ऑटोपेची सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा आपोआप वजावटीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना यावी लागते. ती सूचना वाचायची सवय मात्र ठेवावी. बंद केलेल्या ॲपचे पैसे महिनोन्‌महिने कापले जात असतील तर ते तिथेच कळते. क्रेडिट कार्ड वापरणाऱ्यांनी ऑटोपे लावताना ‘पूर्ण रक्कम’ निवडावी. ‘किमान रक्कम’ निवडली तर बिल भरल्यासारखे वाटते, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढत राहते आणि ज्या व्याजापासून आपण दूर राहू पाहतो ते आपोआपच घरात येते.

जकातीची तारीख ही आणखी एक जागा. पुष्कळ जण फोनच्या कॅलेंडरमध्ये इंग्रजी तारखेला ‘दरवर्षी’ अशी आठवण लावतात. पण जकातीचे वर्ष चांद्र असते, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. इंग्रजी तारखेने चालणारा माणूस दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे पडतो. तेहतीस इंग्रजी वर्षांत चौतीस हिजरी वर्षे होतात. म्हणजे आयुष्यभरात एका पूर्ण वर्षाची जकात राहून जाते, आणि माणसाला वाटत असते की आपण एकदाही चुकलो नाही. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये हिजरी तारीख सोबत दाखवण्याची सोय आहे, ती चालू करावी. ही तारीख गणिताने येते, आपल्याकडचे चांद दिसणे एखाद्या दिवसाने मागेपुढे होऊ शकते. म्हणून आठवण दोन-तीन दिवस आधीची ठेवावी आणि पुढच्या वर्षाची तारीख दर वेळी नव्याने भरावी.

जे सोपवू नये

इथवर ज्या गोष्टी सांगितल्या त्या सगळ्यांत एक सारखेपणा आहे. आवाज बंद करणे, बिल भरणे, गोळीची वेळ सांगणे, यांत पलीकडे कुणी आपल्या मनाची वाट पाहत नसते. पण हीच ॲप ठरल्या वेळी संदेश पाठवू शकतात, आलेल्या संदेशाला आपोआप उत्तरही देऊ शकतात. मोह इथे सुरू होतो. दर शुक्रवारी दोनशे जणांना ‘जुम्मा मुबारक’, ईदला सगळ्यांना एकच फुलांचे चित्र, कुणाच्या इंतकालाच्या बातमीवर आपोआप दुआचा एक ठोकळेबाज मजकूर.

एक तर व्हॉट्सॲप आपल्या नियमांत असे यांत्रिक आणि घाऊक संदेश बसू देत नाही. खाते बंद होऊ शकते. पण ते दुय्यम. ज्या बाईचा नवरा काल गेला, तिला आलेला संदेश माणसाने पाठवला की यंत्राने, हे तिला कळले नाही तरी पाठवणाऱ्याला तर ठाऊक असते. सलाम, ताजियत, माफी, मुबारकबाद, यांची किंमत त्यामागच्या नियतीत आहे आणि नियत फोनमध्ये भरून ठेवता येत नाही.

यावर एक चांगला मधला मार्ग आहे. रत्नागिरी-रायगडातल्या किती तरी घरांतली मुले आखातात असतात. सौदीत संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ झालेले असतात. अम्मी इशा आटोपून बसलेली असते. मुलाने साडेसहाला ‘अम्मी, खैरियत?’ असा संदेश आपोआप जाईल असा नियम बसवू नये. साडेसहाला फोनने त्यालाच हाक मारावी आणि अम्मीचा नंबर समोर उघडून ठेवावा, असा नियम बसवावा. आठवण यंत्राने द्यावी, बोलायचे माणसाने.

किल्ली कुणाच्या हाती देतो आहोत?

शेवटची आणि सर्वांत गंभीर गोष्ट. ही ॲप आपल्यासाठी काम करतात म्हणजे आपण त्यांना घराची किल्ली देतो. त्यातली सर्वांत मोठी किल्ली म्हणजे ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी. ती मिळालेले ॲप पडद्यावरचे वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. मुळात ही सोय दृष्टिहीन आणि अपंग व्यक्तींसाठी आहे, पण ठगांनी तीच हेरली आहे. लग्नपत्रिका, वाहनाचे चलन, बँकेची सूचना असे नाव देऊन व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाइल येते; ती उघडून परवानग्या दिल्या की फोन त्यांच्या ताब्यात जातो, ओटीपीही त्यांना दिसतात.

म्हणून हे नियम पाळावेत. ऑटोमेशन ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲपलच्या स्टोअरवरून घ्यावे. जेवढी परवानगी त्या नियमाला लागते तेवढीच द्यावी. आवाज बंद करायच्या नियमाला एसएमएस वाचायची गरज नसते. बँकेचे ॲप, पिन आणि ओटीपी यांच्या वाटेला कोणताही नियम जाऊ देऊ नये. ‘अब्बांचे सगळे एसएमएस माझ्या फोनवर येऊ देत’ हा नियम सोयीचा वाटतो, पण त्यात त्यांचे ओटीपीही प्रवास करतात. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

घरातल्या माणसांचीही अमानत आहे. बायको, तरुण मुलगी किंवा सून यांच्या फोनवर, त्यांना न सांगता, लोकेशन किंवा संदेश दुसऱ्याकडे पाठवणारा नियम बसवणे ही काळजी नसते, टेहळणी असते. नियम ज्याच्या फोनवर, त्याच्या संमतीनेच.

सुरुवात अशी करा

पहिल्या आठवड्यात एकच नियम बसवा, जुम्म्याचा. बसवल्यावर दुसऱ्या फोनवरून कॉल करून तपासा : आवाज बंद झाला का, दोनदा फोन केल्यावर थरथरला का, २.०५ ला आवाज परत आला का. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करतात आणि नियम गुपचूप मरून पडतो. त्यासाठी फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपवरचे निर्बंध काढावेत आणि ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर चालू करावे.

औषधासारख्या जिवाच्या गोष्टी एकट्या फोनच्या भरवशावर कधीही सोडू नयेत. गोळ्यांचा डबा रात्री एकदा उघडून पाहावाच. फोनवर कोणते नियम आहेत ते एका कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या दाराला चिकटवावे आणि घरातल्या आणखी एकाला ते बंद-चालू करायला शिकवावे. मुलांना यात सामील करून घ्या. अटी आणि क्रम यांचा विचार करणे हा गणिताचाच धडा आहे आणि तो ती आवडीने शिकतात.

या खटाटोपातून जी दहा-वीस मिनिटे रोज वाचतील, ती पुन्हा त्याच पडद्यावर जाऊ नयेत एवढे मात्र आपल्यालाच पाहावे लागेल. ती मिनिटे अम्मी-अब्बांपाशी, मुलांच्या वहीपाशी, तिलावतीपाशी जावोत. अल्लाह आपल्या सर्वांच्या वेळेत बरकत देवो. आमीन.